शाळेला लागू होणारे सरकारी निर्णय कसे शोधावेत, कसे वाचावेत : सातारा जिल्ह्यातून वारंवार येणारे प्रश्न

पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, मुख्याध्यापक आणि शिक्षक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सांगली जिल्ह्यालाही बहुतेक उत्तरे जशीच्या तशी लागू पडतात. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. जीआर, परिपत्रक, अधिसूचना, पत्र हे सगळं एकच ना? आम्ही तर सगळ्यालाच जीआर म्हणतो.

एकच नाही, आणि निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

सगळ्यात वर कायदा. शाळांच्या बाबतीत मुख्य म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (१ एप्रिल २०१० पासून लागू), आणि खासगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम. कायद्याखाली नियम असतात. ते बदलायचे तर राजपत्रात अधिसूचना काढावी लागते. त्याखाली शासन निर्णय, म्हणजेच जीआर. तो मंत्रालयातला विभाग काढतो आणि शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ ही ओळ असते. परिपत्रक बहुधा आधीच्या निर्णयाचा खुलासा करते किंवा आठवण देते. पुण्याहून शिक्षण आयुक्तांचे किंवा संचालकांचे येते ते पत्र. जिल्हा परिषदेतून येते तेही पत्रच.

खालचा कागद वरच्या कागदाला छेद देऊ शकत नाही. एखादे पत्र जीआरच्या पलीकडची अट घालत असेल, तर ‘ही अट कोणत्या शासन निर्णयानुसार?’ असे लेखी विचारायला कुणाचीच हरकत नसावी.

२. खरा जीआर कुठे मिळतो? व्हॉट्सॲप ग्रुपवरची पीडीएफ चालते का?

वाचायला चालते, पुरावा म्हणून नाही. महाराष्ट्र शासनाच्या मुख्य संकेतस्थळावर ‘शासन निर्णय’ हा भाग आहे. तिथे विभागाच्या यादीतून ‘शालेय शिक्षण व क्रीडा विभाग’ निवडा, तारखेची मर्यादा द्या आणि शोधा.

ग्रुपवरच्या पीडीएफची खातरजमा संकेतांकावरून होते. प्रत्येक जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात १८ अंकी संकेतांक छापलेला असतो. पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना, दिवस. शेवटचे दोन अंक विभागाचे : शालेय शिक्षणाचे २१, ग्रामविकासाचे २०. हा पूर्ण आकडा संकेतस्थळावरच्या संकेतांकाच्या रकान्यात टाकला की मूळ प्रत समोर येते. संकेतांकातली तारीख आणि जीआरवरची तारीख यांत एखाद्या दिवसाचा फरक असेल तर तेवढ्यावरून कागद बनावट ठरवू नका. मात्र संकेतांकच नसेल, शेवटचे पान गायब असेल किंवा फक्त पहिल्या पानाचा फोटो फिरत असेल, तर थांबा.

आयुक्त, संचालक किंवा जिल्हा परिषद यांच्या पत्रांना असा संकेतांक नसतो. तिथे जावक क्रमांक आणि तारीख पाहायची आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आवक झाली आहे का ते विचारायचे. वर ‘अतितातडीचे’ लिहिले आहे म्हणून कागद खरा ठरत नाही.

३. संकेतस्थळावर शोधलं, पण सापडतच नाही.

बहुतेक वेळा दोष शुद्धलेखनाचा असतो. ‘संच मान्यता’ की ‘संचमान्यता’, ‘शिक्षण सेवक’ की ‘शिक्षणसेवक’, ‘शुद्धिपत्रक’ की ‘शुध्दीपत्रक’ : विषय टंकताना ज्याने जसे लिहिले तसेच तिथे शोधावे लागते. म्हणून लांब शब्दसमूह टाकू नका, एकच छोटा शब्द टाका. ‘मान्यता’ पुरे. तेही जमले नाही तर शब्द सोडून द्या आणि फक्त विभाग व तारखा द्या. एका महिन्याची यादी डोळ्यांखालून घालायला दहा मिनिटे लागतात.

दुसरे कारण : तुम्ही चुकीच्या विभागात शोधत आहात (प्रश्न ५). तिसरे : तो जीआर नाहीच, अधिसूचना आहे. ती ई-राजपत्रात मिळेल. चौथे : कागद अजून निघालेलाच नाही (प्रश्न ६).

४. सात-आठ पानांचा जीआर. नेमकं काय वाचायचं?

शेवटून सुरुवात करा असे आम्ही सांगतो. शेवटी ‘प्रत’ म्हणून कोणाकोणाला पाठवला त्याची यादी असते. त्यावरून अंमलबजावणी कोणी करायची याचा अंदाज येतो. त्याच्या वरच्या परिच्छेदांत वित्त विभागाच्या सहमतीचा अनौपचारिक संदर्भ क्रमांक आणि लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यातून करायचा तो क्रमांक) दिसते का ते बघा. पैशाचा निर्णय असून या दोन्ही गोष्टी नसतील, तर निधी लगेच येईल अशी आशा धरू नका.

मग पहिल्या पानावर या. ‘वाचा’ या शब्दाखाली जुन्या कागदांची यादी असते. तो या निर्णयाचा सातबारा समजा. निर्णय कुठून आला, मध्ये काय फेरफार झाले, सगळे तिथे असते. प्रस्तावनेत कारण असते, आदेश नसतो. आदेश ‘शासन निर्णय’ या मथळ्याखाली. वर्तमानपत्रांत प्रस्तावनेतली वाक्ये ‘निर्णय’ म्हणून छापून येतात, तेवढे जपा.

आदेशाच्या भागात चार गोष्टींखाली पेन्सिलने रेघ मारा. एक, कोणाला लागू : ‘सर्व व्यवस्थापनाच्या’ की ‘स्थानिक स्वराज्य संस्थांच्या’ की ‘अनुदानित’ (प्रश्न १२). दोन, कधीपासून : निर्णयाच्या तारखेपासून की अमुक शैक्षणिक वर्षापासून. तीन, ‘अधिक्रमित’ (जुन्याच्या जागी नवा), ‘अंशतः बदल’, ‘रद्द’ यांपैकी कोणता शब्द आहे. चार, ‘स्वतंत्रपणे सूचना निर्गमित करण्यात येतील’ हे वाक्य. ते असेल तर काम अर्धेच झाले आहे आणि पुढच्या कागदाची वाट पाहायची आहे.

परिशिष्टे सोडू नका. शाळांच्या याद्या असतील तर नावाने शोधू नका, कारण एकाच नावाच्या शाळा ढीगभर असतात. प्रत्येक शाळेला दिलेल्या ११ अंकी यूडायस क्रमांकाने शोधा. सातारा जिल्ह्याचे क्रमांक २७३१ ने सुरू होतात, सांगलीचे २७३५ ने.

५. शालेय शिक्षण विभागाकडे लक्ष ठेवलं की झालं ना?

जिल्हा परिषद शाळेच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण ग्रामविकास विभाग ठरवतो. अंगणवाडी महिला व बालविकासकडे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास यांच्यात वाटलेल्या आहेत. महागाई भत्ता आणि निवृत्तिवेतन वित्त विभागाकडे.

विभागाखालच्या संस्थाही वेगवेगळ्या. समग्र शिक्षा या शालेय योजनेचे निधी आणि सूचना मुंबईच्या महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषदेकडून येतात. अभ्यासक्रम आणि शिक्षक प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, आणि जिल्ह्यात तिचे काम फलटणची जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था पाहते. पाठ्यपुस्तके बालभारतीकडे. शिष्यवृत्ती परीक्षा आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) राज्य परीक्षा परिषदेकडे. दहावी-बारावी राज्य मंडळाकडे.

इथे एक गफलत नेहमी होते. ‘कोल्हापूर बोर्ड’ आणि ‘कोल्हापूर उपसंचालक’ एकच नव्हेत. विभागीय मंडळाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा हे तीन जिल्हे आहेत. विभागीय शिक्षण उपसंचालकांकडे त्या तिघांबरोबर रत्नागिरी आणि सिंधुदुर्गही आहेत. परीक्षेच्या फॉर्मची तक्रार उपसंचालकांकडे आणि संस्थेच्या मान्यतेची तक्रार बोर्डाकडे पाठवली, तर अर्ज नुसता फिरत राहतो.

६. टीव्हीवर ‘सरकारचा मोठा निर्णय’ आणि शाळेत विचारलं तर ‘आमच्याकडे काही आलं नाही’. खरं कोण?

दोघेही खरे असू शकतात. मंत्रिमंडळाने मान्यता दिली की बातमी त्याच संध्याकाळी येते. जीआर त्यानंतर निघतो, कधी दोन दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. जीआर निघाल्यावरही तो पुण्याच्या संचालनालयातून जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख असा उतरत शाळेत येतो. पाटण किंवा जावळीच्या टोकाच्या वस्तीशाळेत तो टपालाने नव्हे, केंद्राच्या शिक्षण परिषदेत तोंडी पोहोचतो, आणि तोंडी पोहोचताना तारखा गळतात.

मंत्र्यांनी पत्रकार परिषदेत किंवा सभागृहात सांगितलेले आश्वासनही निर्णय नव्हे. मात्र विधिमंडळातली तारांकित प्रश्नांची उत्तरे जरूर वाचा. विभागाच्या मनात काय चालले आहे ते तिथे जीआरच्या आधी कळते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. या तीन काळांत आणि आचारसंहिता लागण्याच्या आधीच्या आठवड्यात कागदांचा पूर येतो, तेव्हा रोज पाहा. एरवी आठवड्यातून एकदा पुरते.

७. एखादा निर्णय अजून चालू आहे की रद्द झालाय, हे कसं ओळखायचं?

याचे सोपे उत्तर नाही. जुन्या जीआरवर ‘रद्द’ असा शिक्का मारून ठेवलेला नसतो. तो संकेतस्थळावर तसाच दिसत राहतो. म्हणून एखादा जीआर हाती आला की त्याच्या तारखेपासून आजपर्यंत त्याच विषयाचे पुढचे सगळे कागद शोधायचे. शोधताना तीन शब्द वेगवेगळे टाकायचे : शुद्धिपत्रक, पूरकपत्र, अधिक्रमण.

पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे प्रकरण यासाठी नमुन्यासारखे आहे. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. १७ जूनला शुद्धिपत्रक आले. त्यात ‘अनिवार्य’ जाऊन ‘सर्वसाधारणपणे’ आले आणि दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर वर्गात किमान २० विद्यार्थी ही अट आली. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करत असल्याची घोषणा झाली, ३० जूनला तसा कागद निघाला आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. म्हणजे अडीच महिन्यांत तीन वेगळ्या स्थिती. ज्याने फक्त एप्रिलचा जीआर छापून फाइलला लावला त्याच्याकडे खरा, सहीचा, संकेतांक असलेला आणि तरीही निरुपयोगी कागद आहे.

काही निर्णय रद्द होत नाहीत, नुसते माघारी वळतात. गणवेश शाळा व्यवस्थापन समितीऐवजी राज्य पातळीवरून पुरवायचे ठरले, ते २०२४-२५ मध्ये अमलात आले आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा समितीकडे सोपवले गेले. पाठ्यपुस्तकांत वहीची कोरी पाने घालण्याचा मार्च २०२३ चा निर्णयही जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला. अशा विषयांत ‘गेल्या वर्षी असंच होतं’ हा आधार कधीच घेऊ नका.

‘अंशतः बदल’ असेल तर जुना आणि नवा दोन्ही कागद एकत्र पिन करून ठेवा. नवीन कागदात फक्त बदललेले कलम असते, बाकीच्या अटी जुन्यातच राहतात. ‘अधिक्रमित करून’ असेल तर जुना बाजूला काढा, पण फाडू नका. त्या काळातल्या नेमणुका, मान्यता आणि खर्च त्याच्याच आधारे तपासले जातात. लेखापरीक्षण पाच वर्षांनीही येते.

८. कोर्टाने स्थगिती दिली की निर्णय संपला का? २५ टक्के प्रवेशाच्या वेळी काहीच कळेना.

स्थगिती म्हणजे तात्पुरता थांबा. निर्णय कागदावर जिवंत असतो, वापरता येत नाही. रद्द झाला की मात्र जुनी स्थिती परत येते.

शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित व दुर्बल गटांतील मुलांसाठी २५ टक्के जागा राखीव असतात. त्या प्रकरणात ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने राज्याचे नियम बदलले होते : खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला राखीव जागांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी स्थगिती दिली आणि १९ जुलैला ती दुरुस्ती रद्दच केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. मधल्या काळात पालकांना अर्ज नव्याने भरावे लागले. ज्यांनी पहिल्या फेरीत ‘आपल्या भागात इंग्रजी शाळाच दिसत नाही’ म्हणून नाद सोडला आणि पुढची सूचना पाहिली नाही, त्यांची संधी गेली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ मुळे २५ टक्के जागा कायद्यातच आहेत. नियम हा कायद्याखालचा कागद, आणि त्याने कायद्याने दिलेले काढून घेतले (प्रश्न १).

९. टीईटीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आमच्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांना लागू आहे का?

१ सप्टेंबर २०२५ चा हा निकाल पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, शिक्षण हक्क कायद्याच्या आधी नेमलेल्या शिक्षकांनाही धरतो. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा उरली असेल तर निकालापासून दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे. पाच वर्षांपेक्षा कमी उरली असेल तर सेवेत राहता येते, पदोन्नती हवी असेल तर टीईटी लागतेच. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला आहे, त्यामुळे अशा शाळांनी हा निकाल थेट स्वतःला लावू नये.

पाच वर्षे मोजायची ती निकालाच्या तारखेला, आज नव्हे. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन. सेवापुस्तकात नेमणूक कोणत्या गटावर दाखवली आहे ते आधी पाहा, मग फॉर्म भरा.

१०. केंद्र सरकारने जाहीर केलं म्हणजे आपल्याकडे लागूच ना?

शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे उत्तर विषयागणिक बदलते.

‘पाचवी-आठवीत नापास करणार’ ही डिसेंबर २०२४ मधली बातमी घ्या. ती केंद्राच्या अखत्यारीतल्या शाळांसाठी होती. साताऱ्याच्या सैनिक स्कूलला किंवा नवोदय विद्यालयाला ती लागू, जिल्हा परिषदेच्या शाळेला नाही. आपल्याकडे २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीने मिळालेला अधिकार वापरून राज्याने २०२३ मध्येच स्वतःचे नियम बदलले होते.

पोषण आहाराचे उलट. केंद्राने १ मे २०२५ पासून प्रति विद्यार्थी स्वयंपाकाचा दर प्राथमिकला ६.७८ रुपये आणि उच्च प्राथमिकला १०.१७ रुपये केला. यात केंद्राचा वाटा ६०, राज्याचा ४०. पण शाळेच्या खात्यातला हिशेब राज्याचा आदेश निघाल्यावरच बदलायचा. बातमी वाचून नव्या दराने देयक टाकले की ते परत येते. तांदळाचे प्रमाण, प्राथमिकला १०० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकला १५० ग्रॅम, या दरवाढीत बदललेले नाही.

११. आमच्या वाडीवरच्या शाळेचा पट १४ आहे. शाळा बंद होणार का?

एवढ्यावरून नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तांनी २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे (जवळच्या लहान शाळा एकत्र करून एक शाळा) प्रस्ताव मागवले, तेव्हापासून ही भीती आहे. ते प्रस्ताव मागवणारे पत्र होते, तुमच्या शाळेचा आदेश नव्हे. राज्याच्या नियमांनुसार प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक ३ किलोमीटरच्या आत हवी. कोयनाकाठी किंवा कास पठाराच्या बाजूला नकाशावरचे एक किलोमीटर पावसाळ्यात ओढ्यापलीकडे असते. हरकत घेताना पायवाटेचे अंतर, मध्ये येणारे ओढे आणि किती महिने वाट बंद असते हे समितीच्या ठरावात लिहा. ‘आमच्यावर अन्याय होतो’ एवढ्यावर कुणी हलत नाही.

शाळा बंद होणे आणि शिक्षक कमी होणे हे दोन वेगळे विषय आहेत. शिक्षकसंख्या संच मान्यतेने ठरते आणि तिचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलले. त्याआधी २८ ऑगस्ट २०१५ चा निर्णय वापरात होता. पट मोजला जातो तो ३० सप्टेंबरचा, आणि आधार पडताळणी झालेला. नाव, जन्मतारीख किंवा लिंग यांतली चूक राहून तीन मुलांचे आधार जुळले नाही, तर ती मुले वर्गात बसूनही पटावर नसतात. ऊसतोडीसाठी माण-खटावात येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हे फार होते. म्हणून ही दुरुस्ती ऑगस्टमध्येच उरका.

१२. आमची शाळा खासगी, इंग्रजी माध्यमाची आहे. जीआर आम्हाला लागू होतात का?

काही होतात. शाळा चौथीपर्यंत सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याच्या ८ फेब्रुवारी २०२४ च्या सूचना सर्व माध्यमांच्या, सर्व व्यवस्थापनाच्या शाळांसाठी होत्या. मराठी सक्तीचा २०२० चा कायदाही केंद्रीय मंडळाच्या शाळांना लागू आहे. बदल्या, संच मान्यता, गणवेश निधी यांचा स्वयंअर्थसहाय्यित (सरकारी अनुदान न घेणाऱ्या) शाळेशी संबंध नाही. निर्णयातली ‘कोणाला लागू’ ही ओळ (प्रश्न ४) हेच खरे उत्तर.

१३. अकरावी प्रवेश आणि स्कॉलरशिपचं नेमकं काय बदललं?

अकरावी : २०२५-२६ पासून केंद्रीय ऑनलाइन प्रक्रिया सगळ्या राज्यात. त्याआधी ती मोठ्या शहरांपुरती होती, सातारा-कराडला कॉलेजच्या खिडकीवर फॉर्म मिळायचा. शिष्यवृत्ती : २०१५ च्या निर्णयाने चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेलेली परीक्षा ऑक्टोबर २०२५ च्या निर्णयाने पुन्हा चौथी-सातवीला आणली गेली. २०२५-२६ हे बदलाचे वर्ष असल्याने चारही इयत्तांसाठी परीक्षा. जुने मार्गदर्शक विकत घेण्याआधी मुखपृष्ठावरची इयत्ता नव्हे, आतला अभ्यासक्रम पाहा.

१४. ऑफिसात कागद दाखवतच नाहीत. काय करायचं?

माहितीचा अधिकार. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावून किंवा ऑनलाइन. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते माफ. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. बहुतेक अर्ज इथेच अडतात. ‘का दिले नाही?’ असा प्रश्न विचारू नका. कागद मागा : ‘अमुक शाळेच्या २०२४-२५ च्या संच मान्यतेची प्रत’, ‘अमुक पत्राची जावक नोंदवहीतील नोंद’. उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास त्याच कार्यालयाच्या वरिष्ठाकडे ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्ज पंचायत समितीत द्यायचा की जिल्हा परिषदेत, हे तो कागद कोणाकडे तयार झाला त्यावर ठरवा.

१५. हे सगळं लक्षात कसं ठेवायचं? एखादी सोपी पद्धत सांगा.

दोनशे पानी वही किंवा मोबाइलवरची तक्त्याची फाइल. सात रकाने : तारीख, संकेतांक किंवा जावक क्रमांक, विषय, कोणाला लागू, कधीपासून, कोणत्या जुन्या कागदाला बदलतो, पुढची मुदत. सहावा रकाना सगळे रिकामा सोडतात आणि नेमका तोच नंतर लागतो.

पीडीएफला मिळालेले नाव तसेच ठेवू नका. ‘२०२४-०३-१५ संच मान्यता निकष’ असे तारीख आधी ठेवून नाव द्या, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. काही पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी केला की अक्षरांचा चुरा होतो. त्यामुळे विषय हाताने टंका, नाहीतर पुढे मोबाइलवर शोधताना काहीच सापडणार नाही. ही वही एकाच माणसाच्या घरी नको. समितीची मुदत संपली किंवा मुख्याध्यापकांची बदली झाली की ती त्यांच्याबरोबर जाते.

१६. निर्णय होण्याआधीच आपलं म्हणणं मांडता येतं का?

कधी कधी, आणि वेळ थोडा असतो. नियमांचे किंवा अभ्यासक्रम आराखड्याचे प्रारूप जाहीर होते तेव्हा हरकती-सूचना मागवल्या जातात. शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचे प्रारूप मे २०२४ च्या अखेरीस, ऐन सुट्टीत आले आणि मुदत जूनच्या पहिल्या आठवड्यातच संपली. हरकत लिहिताना पान क्रमांक, मुद्दा क्रमांक, मूळ वाक्य आणि त्याऐवजी हवे असलेले वाक्य, असा क्रम ठेवा. व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा, ई-मेलने पाठवा आणि पोच मागा. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे तिचा ठराव एकट्यादुकट्याच्या पत्रापेक्षा जड पडतो. सुट्टीत बैठक कशी घेणार, असे विचारतात : समितीच्या एप्रिलच्या बैठकीतच ‘सुट्टीच्या काळात हरकती पाठवण्याचे अधिकार अध्यक्ष व सचिवांना’ असा ठराव करून ठेवा.